धर्मशाला-मॅक्लोडगंजला जायचंय? सकाळी वर, दुपारनंतर खाली

आधी नावांचा घोळ सोडवूया कारण बुकिंग करताना बहुतेकांचं तिथेच चुकतं. हिमाचलातलं धर्मशाला म्हणजे खालचं गाव, तिथे बस स्टँड, कोतवाली बाजार, सरकारी ऑफिसं, क्रिकेटचं स्टेडियम. मॅक्लोडगंज म्हणजे त्याच्याच डोक्यावर, वळणावळणाच्या रस्त्यानं आठ-दहा किलोमीटर वर, जिथे दलाई लामांचं मंदिर आहे आणि जिथले फोटो आपण बघतो. त्याच्याही वर भागसू, धरमकोट आणि नड्डी ही छोटी गावं. ऑनलाइन हॉटेल शोधताना मात्र या सगळ्यांवर सरसकट धर्मशाला किंवा मॅक्लोडगंज लिहिलेलं असतं. आम्ही दुसऱ्या वेळी आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा असंच 'मॅक्लोडगंज, व्हॅली व्ह्यू' बघून रूम घेतली आणि तिथे पोचल्यावर कळलं की गाडी जिथे थांबते तिथून दीडशे पायऱ्या उतरायच्या, आईचे गुडघे आधीच दुखणारे, चार दिवस ती माऊली सकाळी एकदा चढून यायची ती रात्रीच परत रूमवर. तेव्हा बुक करायच्या आधी फोन करून सरळ विचारा की गाडी दारापर्यंत येते का आणि पायऱ्या किती आहेत. हे त्या भागात विचारणं अगदी नॉर्मल आहे, कोणी वाईट मानत नाही.

मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर चार दिवस होतो आणि चारही दिवस वरच काढले, मोमो, कॅफे, त्रिऊंडचा ट्रेक, झालं. छान वाटलं होतं. पण नंतरच्या दोन वेळी खाली उतरून कांगडा खोरं बघितलं आणि लक्षात आलं की आपण नुसता माळा बघून आलो होतो, घर खालीच राहिलं. म्हणून हे सगळं लिहितेय. जाणाऱ्यांनी निदान पाच दिवस ठेवा आणि त्यातले दोन खाली द्या.

आता तो वर-खालीचा मुद्दा. धौलाधारची रांग इथे अशी उभी आहे की मधे लहान डोंगर, मग मोठे, मग बर्फाचे असं काही नाहीच, खालच्या भातशेतीतून बघितलं तर एकदम चार हजार मीटरच्या वरची भिंत. सकाळी हवा थंड असते, आकाश स्वच्छ, भिंत अख्खी दिसते. ऊन चढलं की खोऱ्यातली गरम दमट हवा त्या भिंतीला लागून वर सरकते, थंड होते आणि ढग जमतात, बारा-एकपर्यंत शिखरं गायब. चांगल्या सीझनमध्येही बऱ्याच दिवशी हे असंच चालतं. त्यामुळे जे काही डोंगर बघण्याचं, चढण्याचं असेल ते सकाळी उरका, आणि मंदिरं, किल्ला, म्युझियम, चहा, बाजार हे दुपारनंतर. आपल्याकडचे लोक नाश्ता करून साडेदहाला निघतात आणि मग म्हणतात की पैसे वाया गेले, ढगच होते. ढग आले तेव्हा तुम्ही आलात हो, ते सहा वाजता नव्हते.

पावसाचंही तेच कारण. मान्सूनचे ढग या भिंतीवर आदळतात आणि सगळं पाणी इथेच ओततात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे होतं तेच. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, हिमाचलातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी ही एक. आपण कोकणातला पाऊस बघितलेली माणसं, त्यामुळे 'पावसात तर मजा' असं वाटणं साहजिक आहे, पण हा पाऊस कोवळ्या डोंगरावरचा आहे, दरडी येतात, आणि जुलै २०२१ मध्ये भागसूच्या नाल्याला अचानक पूर येऊन पार्क केलेल्या गाड्या वाहून गेल्या होत्या. जुलै-ऑगस्ट टाळा. नाल्याच्या काठावरचं हॉटेल तर कुठल्याच पावसाळ्यात नको.

मार्चचा शेवट ते एप्रिल सुंदर, जंगलात बुरांशची लाल फुलं असतात, भिंतीवर बर्फ असतो आणि गर्दी कमी. मे-जूनला शाळांच्या सुट्ट्या म्हणून आपले लोक जातात पण तेव्हाच दिल्ली-पंजाबचेही येतात, शनिवार-रविवारी मॅक्लोडचा चौक म्हणजे लक्ष्मी रोड दिवाळीच्या आदल्या दिवशी. जायचंच असेल तर वीकेंड खाली काढा आणि सोमवार ते गुरुवार वर. माझ्या मते बेस्ट ऑक्टोबर, पाऊस धुऊन गेलेला, हवा काचेसारखी, खाली भात कापणी चालू. जानेवारी-फेब्रुवारीत मॅक्लोडला कधीकधी बर्फ पडतो, पण तो धरून प्लॅन करू नका, पडला तर पडला.

पोचायचं कसं. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे, संध्याकाळी निघते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पठाणकोट कॅन्टला सोडते. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून स्वराज एक्सप्रेस पठाणकोट कॅन्टला जाते. या स्टेशनाचं जुनं नाव चक्की बँक, जुने लोक अजून तेच म्हणतात. तिथून धर्मशाला नव्वदेक किलोमीटर, बस किंवा टॅक्सीनं तीन तास धरा. दोन रात्री ट्रेनमध्ये नको असतील तर दिल्लीपर्यंत विमान आणि तिथून रात्रीची व्होल्वो. हिमाचल परिवहनच्या बसेस काश्मिरी गेटच्या आयएसबीटीवरून सुटतात, प्रायव्हेटवाल्या बऱ्याच मजनू का टिला भागातून, दहा-बारा तास लागतात आणि शेवटचे दोन-तीन तास घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी रात्री झोपतानाच घ्या, मळमळायला लागल्यावर नाही. थेट विमानानं जायचं तर गग्गलला कांगड्याचा एअरपोर्ट आहे, धर्मशालेपासून पंधरा किलोमीटरच्या आत. पण धावपट्टी छोटी, विमानं छोटी आणि ढग आले की फ्लाइट कॅन्सल. परतीचं मुंबईचं विमान त्याच दिवशी दिल्लीहून ठेवू नका, मधे एक रात्र सोडा.

आणि एक छोटी गाडी. कांगडा व्हॅली रेल्वे, पठाणकोट ते जोगिंदरनगर, १६४ किलोमीटर नॅरोगेज, १९२९ साली सुरू झालेली. जोगिंदरनगरला शानन वीजप्रकल्पाचं काम चाललं होतं, तिथपर्यंत अवजड सामान न्यायला ही लाइन टाकली. शिमल्याच्या लाइनवर शंभरावर बोगदे आहेत, इथे फक्त दोन, कारण इंजिनीअरनी डोंगर फोडायच्या ऐवजी खोऱ्याच्या वळणांनी रूळ नेले, त्यामुळे अख्खा प्रवास खिडकीत धौलाधार. ऑगस्ट २०२२ मध्ये पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल पुरात पडला आणि तेव्हापासून गाड्यांचं गणित बिघडलं, म्हणून कुठून कुठपर्यंत चालू आहे ते त्या आठवड्यात बघूनच ठरवा. चालू असेल तर नगरोटा किंवा पालमपूरहून बैजनाथ पपरोलापर्यंत एक तुकडा तरी करा, तिकीट अगदी किरकोळ.

राहायचं कुठे हे कोण बरोबर आहे त्यावर. तरुण मंडळी असतील तर धरमकोट, शांत, देवदारांत, पण सॅक पाठीवर घेऊन चालावं लागतं. मंदिरात रोज जायचं असेल तर मॅक्लोडच्या टेंपल रोड किंवा जोगीवाडा रोडच्या आसपास, चौकाला लागून नको, हॉर्न फार. आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर सरळ खाली सिद्धबाडी-सिद्धपूरच्या बाजूला राहा, मोकळी जागा, गाडी दारात, समोर अख्खी भिंत, आणि वर जायला टॅक्सी किंवा रोपवे. हा रोपवे, धर्मशाला स्कायवे, २०२२ च्या जानेवारीत सुरू झाला, १.८ किलोमीटर, खालच्या बस स्टँडच्या बाजूनं बसायचं आणि थेट दलाई लामांच्या मंदिराजवळ उतरायचं. सीझनच्या वीकेंडला रस्त्यावर दोन तास अडकण्यापेक्षा हा शंभर पटीनं बरा.

आता वरचं. पहिल्या सकाळी कुठेही न जाता फक्त मंदिर आणि त्याची कोरा करा. मंदिराला त्सुगलाखांग म्हणतात, उच्चार नाही जमला तरी 'टेंपल' सगळ्यांना कळतं. आत शाक्यमुनी बुद्ध, अवलोकितेश्वर आणि पद्मसंभव यांच्या मोठ्या मूर्ती आहेत. आपण दगडी देवळांची सवय असलेले, तिथे पहिल्यांदा सगळं साधं, सिमेंटचं वाटेल. ते तसंच आहे कारण ते निर्वासितांनी उभं केलंय. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेटमधून भारतात आले, आधी मसुरीला होते आणि १९६० मध्ये इथे आले. इथेच का, तर ब्रिटिशांच्या काळात हे भरलेलं हिल स्टेशन होतं, पण ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात वीसेक हजार माणसं गेली, गाव कोसळलं, आणि १९४७ नंतर तर उरलेले बंगलेही रिकामे झाले. नौरोजी म्हणून एका पारशी कुटुंबाचं दुकान इथे १८६० पासून होतं, त्यांनीच सरकारला सुचवलं की ही मोकळी घरं या लोकांना द्या. आज तुम्हाला जे गजबजलेलं गाव दिसतं ते त्या सुचवण्यातून उभं राहिलंय.

कोरा म्हणजे प्रदक्षिणा. मंदिराच्या आणि दलाई लामांच्या निवासाच्या टेकडीभोवती जंगलातून पायवाट आहे, रमतगमत पाऊण तास. सकाळी सहा-साडेसहाला जा, म्हातारी तिबेटी माणसं हातात माळ घेऊन चालत असतात, काही जणी तर काठी टेकत, पण रोज. वाटेत प्रार्थनाचक्रं लागतात, ती उजव्या हातानं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवायची, आपली प्रदक्षिणा जशी तशीच. उलटं चालत येऊ नका. आणि साष्टांग नमस्कार घालणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, हे मला खरंच मनापासून सांगायचंय, मी बघितलंय लोकांना असं करताना आणि फार लाज वाटली. पंढरपूरच्या वाटेवर आपल्या आजीच्या तोंडासमोर कोणी कॅमेरा धरला तर कसं वाटेल तसंच ते.

दुपारी परत त्याच आवारात डोकवा. नामग्याल मठाचे भिक्षू कधीकधी अंगणात वादविवाद करत असतात. एक बसलेला, एक उभा. उभा असतो तो प्रश्न टाकतो, पाय आपटतो आणि उजव्या हाताची डाव्यावर खणखणीत टाळी देतो, बसलेल्यानं लगेच उत्तर द्यायचं. भांडण वाटतं पण तो त्यांचा अभ्यास आहे, तर्कशास्त्राचा. भाषा कळत नाही तरी मी तासभर बसले होते.

दलाई लामांचं प्रवचन ऐकायचं असेल तर तारखा त्यांच्या ऑफिसच्या वेबसाइटवर येतात, त्या बघूनच तिकिटं काढा. ते आता नव्वदीत आहेत आणि उन्हाळ्यात बरेचदा लडाखला असतात, त्यामुळे नुसतं गेलं आणि दर्शन झालं असं होत नाही. प्रवचन फुकट असतं, आधी ओळखपत्र दाखवून नाव नोंदवावं लागतं. सोबत छोटा एफएम रेडिओ आणि इअरफोन न्या, कारण ते तिबेटीत बोलतात आणि भाषांतर रेडिओवर ऐकवतात, हिंदीतही असतं. मोबाइल, कॅमेरा त्या दिवशी आत नेता येत नाही. बसायला पातळ आसन आणि चहासाठी स्वतःचा कप न्या, भिक्षू किटल्या घेऊन रांगेतून चहा वाढत येतात.

चर्चला पण जा. सेंट जॉन इन द वाइल्डरनेस, खालून वर येताना फोर्सिथगंजजवळ देवदारांच्या गर्द सावलीत, १८५२ चं. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन १८६३ मध्ये धर्मशालेत वारले, त्यांची कबर मागे आहे. भूकंपात चर्चचा घंटेचा मनोरा पडला पण बाकी इमारत राहिली, नंतर इंग्लंडहून आलेली नवी घंटा आवारातच बाहेर बसवलेली दिसते. रंगीत काचा सकाळच्या उन्हात बघा. अर्धा तास पुरतो. भागसूनागचं देऊळ आणि धबधबा गर्दीमुळे मला विशेष आवडत नाही, आठच्या आधी जमलं तर जा, नाहीतर सोडलंत तरी चालेल. नड्डीजवळ डल लेक आहे, नाव ऐकून काश्मीर डोळ्यासमोर आणू नका, छोटंसं तळं आहे, पाणी बरेचदा कमी झालेलं असतं. त्यापेक्षा नड्डीच्या कट्ट्यावरून पहाटे धौलाधार बघा.

त्रिऊंड. साधारण २८५० मीटर. आपलं कळसूबाई १६४६, तेव्हा उंचीचा अंदाज घ्या, पण ज्यानं कळसूबाई न रडता केलंय त्याला हे जमतं. धरमकोटच्या वर गल्लू देवीच्या देवळापासून वाट सुरू होते, तिथपर्यंत टॅक्सी जाते. वाट स्पष्ट आहे, ओक आणि बुरांशच्या जंगलातून हळूहळू चढते, शेवटचा किलोमीटर मात्र वळणावळणानं खडा, तिथे सगळ्यांचा दम निघतो. चढायला चार तास, उतरायला तीन धरा आणि सातला चालायला लागा. वर हिरवा सपाट माथा आणि समोर हात लावावा इतकी जवळ ती भिंत, मागे वळलं की अख्खं कांगडा खोरं. वर पाणी नाही, बाटल्या खेचरावरून येतात म्हणून महाग, तुम्ही माणशी दोन लिटर न्या आणि रिकाम्या बाटल्या खाली आणा. मुक्काम, तंबू, नोंदणी याचे नियम वनखातं बदलत राहतं, आदल्या दिवशी धरमकोटला विचारून घ्या. दुपारी दोनला काहीही झालं तरी परत फिरायचं, वरती विजांसह पाऊस फार पटकन येतो. आम्ही पहिल्या वेळी 'अजून दहा मिनिटं' करत चार वाजवले आणि गारांच्या मारात उतरलो, एकीचा पाय मुरगळला, खाली पोचेपर्यंत अंधार. थंडीत बर्फ असताना नवख्यांनी जाऊच नये.

वाटेत गद्दी मेंढपाळ भेटतील. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन ते धौलाधार ओलांडतात, इंद्रहार खिंड ४३४२ मीटरवर, पलीकडे चंबा, आणि थंडीच्या आधी परत खाली. आपल्याकडचे धनगर जसे पावसाच्या हिशोबानं फिरतात तसे हे बर्फाच्या. कळप आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला नाही. त्यांच्या कुत्र्यांना हात लावायला जाऊ नका, ती राखणीची आहेत.

आता खाली, आणि इथे मला जास्त बोलायचंय.

पहिली दुपार सिद्धपूरच्या नोर्बुलिंका इन्स्टिट्यूटला द्या. तिबेटी कला टिकाव्यात म्हणून १९८८ मध्ये सुरू केलेली जागा, थांका म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, लाकडावरचं कोरीव काम, धातूच्या मूर्ती, कारागीर काम करताना बघता येतात. बाग इतकी शांत आहे की बाबा तिथे एका बाकावर झोपले. जवळच ग्युतो मठ आहे. परत येताना स्टेडियम, १४५७ मीटरवर, मॅच नसेल तेव्हा तिकीट काढून आत जाता येतं. मार्च २०१७ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट आठवतेय का, कोहली जखमी आणि अजिंक्य रहाणे कॅप्टन, सिरीज आपण २-१ नं जिंकली, ती इथेच.

धर्मशालेच्या वॉर मेमोरिअलला पंधरा मिनिटं थांबा. कांगडा हा फौजींचा जिल्हा आहे. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा याच जिल्ह्यातले, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला धारातीर्थी पडले. आणि ते पदक डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्मानं युरोपातल्या पण लग्न करून मराठी घरात आलेल्या, त्यांच्या मुलीचे दीर म्हणजे हेच सोमनाथ शर्मा. कारगिलचे कॅप्टन विक्रम बात्रा आणि सौरभ कालिया दोघंही पालमपूरचे. हे मी आईला सांगत होते तर टॅक्सीचे दादा म्हणाले की आमच्या गावात प्रत्येक घरातून एक जण फौजेत आहे.

दुसरा दिवस कांगडा किल्ला आणि मसरूर. किल्ला वीसेक किलोमीटर, बाणगंगा आणि मांझी नद्यांच्या मधल्या कड्यावर. गडकिल्ले फिरणाऱ्याला कळेल की जागा काय निवडलीय, दोन बाजूंना सरळ दरी आणि एकाच बाजूनं, एकामागे एक दरवाजे असलेली चिंचोळी वाट. कटोच राजांचा हा किल्ला. १००९ मध्ये गझनीच्या महमूदानं लुटला, १६२० मध्ये जहांगीरनं घेतला, १८०९ मध्ये रणजितसिंगांकडे गेला, १८४६ मध्ये इंग्रजांकडे, आणि या सगळ्यांतून उभा राहिलेला तो १९०५ च्या भूकंपानं पाडला. आत पडलेल्या कोरीव दगडांचे तुकडे अजून दिसतात. ऊन फार लागतं, टोपी न्या. कांगडा गावातलं ब्रजेश्वरी देवीचं देऊळ पण भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं, मकर संक्रांतीला तिथे देवीच्या पिंडीवर लोण्याचा लेप चढवतात.

मसरूर मात्र चुकवू नका, हात जोडून सांगते. किल्ल्यापासून पुढे कच्च्या-पक्क्या रस्त्यानं तासाभरावर, आजूबाजूला गव्हाची शेतं, आणि मधेच एका टेकाडावर वालुकाश्माच्या एकाच खडकातून कोरलेला देवळांचा समूह, साधारण आठव्या शतकातला. वेरूळचं कैलास आपण लहानपणापासून बघतो, वरून खाली कोरत आणलेलं. तसंच काम, जवळपास त्याच काळात, इतक्या लांब हिमालयाच्या पायाशी कोणीतरी केलंय. आपला बेसॉल्ट कडक म्हणून वेरूळची कडा अजून धारदार आहे, इथला वालुकाश्म मऊ, पावसापाण्यानं झिजलेला, त्यात भूकंपाचा तडा, त्यामुळे शिल्पं विरघळल्यासारखी दिसतात, पण नीट बघितलं की चौकटीवरची वेलबुट्टी, शिखरांवरचे गवाक्ष सगळं सापडत जातं. समोर चौकोनी तळं आहे आणि त्याच्या पाण्यात देवळाचं प्रतिबिंब. देवळाचं तोंड धौलाधारकडे आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय चौघंच होते, एक चौकीदार आणि तीन शाळकरी मुलं. मॅक्लोडच्या चौकात त्या वेळी मुंगीला शिरायला जागा नसणार. मूळ देऊळ शिवाचं असावं असं म्हणतात, आता गाभाऱ्यात राम-लक्ष्मण-सीता आहेत. खायला आजूबाजूला काही मिळत नाही, डबा न्या.

तिसरा दिवस पालमपूर-बैजनाथ-बीर, एकाच रस्त्यावर येतात. हा दिवस सकाळी बीरपासून सुरू करा आणि उलटं परत या. पॅराग्लायडिंग बीर-बिलिंगला, साधारण २४०० मीटरवर बिलिंगहून उडायचं आणि खाली बीरला उतरायचं, २०१५ मध्ये इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झालाय. १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंद असतात, त्या काळात कोणी 'चालू आहे' म्हणालं तर जाऊ नका. टँडमचे, म्हणजे पायलटबरोबर जोडीनं उडायचे, पैसे अडीच-तीन हजारांच्या आसपास, पण दोन-तीनशे वाचवायच्या आधी पायलटचं लायसन्स बघायला मागा, चांगला पायलट स्वतःहून दाखवतो. वारा नसेल तर थांबायला लागतं, पायलट नाही म्हणाला तर वाद घालू नका.

बैजनाथचं शिवमंदिर १२०४ मध्ये आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी बांधलं, शिलालेखात लिहिलेलं आहे, बिनवा नदीच्या वर आणि मागे बर्फ. आपल्याला परळी वैजनाथ माहितीच आहे, झारखंडच्या देवघरचे लोक त्यांचं ज्योतिर्लिंग खरं म्हणतात, आणि इथल्या पुजाऱ्यांना विचारलंत तर ते रावणाची गोष्ट सांगून हेच वैद्यनाथ म्हणतील. बाबा परळीचे भक्त, त्यांनी वाद न घालता हात जोडले. रावणानं शिवाची भक्ती केली ती इथेच अशी श्रद्धा, म्हणून या गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत.

परतताना अंद्रेट्टा, पॉटरी आणि चित्रकार सोभा सिंगांची गॅलरी, मातीच्या कामाची आवड असेल तर तासभर. मग पालमपूर.

खाण्याचं सांगते. मॅक्लोडला मोमो सगळीकडे आहेतच, पण थेंथुक खा, हातानं तोडलेल्या नूडल्सचं सूप, थंडीत यासारखं काही नाही, आणि टिंगमो, वाफवलेला पाव, रश्श्याबरोबर. शाकाहारी लोकांनी सूपचं पाणी कशाचं आहे ते विचारा, भाजी वरून घातलेली असते पण रस्सा मटणाचा असू शकतो. लोण्याचा चहा खारट असतो, चहा म्हणून प्यायलात तर आवडणार नाही, सूप म्हणून प्या. खाली मात्र कांगडी धाम शोधा. लग्नाचं जेवण आहे ते, पंगतीत बसवून पत्रावळीवर वाढतात, भात आणि त्यावर एकामागून एक, दह्यातलं मदरा, उडदाची डाळ, आंबटगोड खट्टा, शेवटी गोड भात, कांदा-लसूण नाही. करणाऱ्यांना बोटी म्हणतात. काही हॉटेलांत थाळी मिळते, टॅक्सीवाल्याला विचारा, त्याला बरोबर माहिती असतं.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय सगळीकडे चालतं पण लाँग वीकेंडला एटीएम रिकामी होतात आणि मसरूरच्या बाजूला रेंज जाते, हातात चार-पाच हजार कॅश ठेवा. टॅक्सी युनियनचे दर बोर्डावर लिहिलेले असतात, घासाघीस फार होत नाही. खालून वर लोकल बस आणि शेअर जीप स्वस्त पडतात, संध्याकाळी लवकर बंद होतात. ऑक्टोबरमध्येही रात्री जाड स्वेटर लागतो. बूट पकड असलेले घ्या, नवे कोरे घालून त्रिऊंडला जाऊ नका.

आणि पालमपूरहून कांगडा चहा आणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे मळे आहेत, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण आहे. घरी आणून आपल्या पद्धतीनं आलं-साखर-दूध घालून खळाखळा उकळलात तर काही कळणार नाही, आईनं पहिल्यांदा तेच केलं आणि म्हणाली याला रंगच येत नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग माणशी एक छोटा चमचा पत्ती टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा, दूध नको. फिकट पिवळा रंग येतो, तो तसाच असतो.